पेणहून येणारी गणितं

रोह्याच्या शाळेतल्या अमीनाबाई मुकादम यांची पेपर तपासण्याची तऱ्हा सगळ्या गावाला ठाऊक होती. उत्तर चुकलं म्हणून त्या फुली मारून मोकळ्या होत नसत. पोरगं नेमकं कुठे घसरलं ते हुडकून काढत आणि समासात तांबड्या पेन्सिलीने लिहीत, ‘इथपर्यंत सरळ आलास, पुढे कोणी बोलावलं?’ वर रीतीचा अर्धा मार्क देत. दया आली तर पाऊण. या पाव-अर्ध्यापायी निकाल उशिरा लागे आणि हेडमास्तर डोक्याला हात लावून बसत.

धाटावच्या कारखान्यांत ठेकेदारी करणारे कान्हूशेठ शाळेचे चेअरमन झाले आणि १९९९च्या पावसाळ्यात त्यांनी शाळेला कॉम्प्युटर दिला. त्याला टेलिफोनची तार जोडली. तार घशात काहीतरी अडकल्यासारखी किंचाळली की पेणच्या कॉम्प्युटर सेंटरमधून गणितं पडद्यावर येत. मुलांनी उत्तर दाबायचं, यंत्राने तिथल्या तिथे तपासायचं. आजवर पेणहून रोह्याला गणपती यायचे, पोह्याचे पापड यायचे. आता गणितंही येऊ लागली.

कान्हूशेठ बाईंना म्हणाले, “मॅडम, आता डोळे कशाला फोडायचे? दिवाळीनंतर दहावीचं गणित कॉम्प्युटर घेईल. तुम्ही मुलींचं शिवणकाम बघा.”

अमीनाबाईंना साधं बटण लावता येत नव्हतं. ईदच्या शेवयांपासून कालव्याच्या काठाने फिरण्यापर्यंत त्यांची बाकी सगळी आवड गणितानंतर सुरू व्हायची. दहावीचा वर्ग गेला तर उरेल काय? पण बोलायची सोय नव्हती, कारण कॉम्प्युटरवर सगळा वर्ग शंभरपैकी शंभर मिळवत होता. यंत्र ‘शाबास’ म्हणायचं आणि कान्हूशेठ तो कागद छापून ऑफिसबाहेर लावायचे.

बाईंना एवढंच कळेना, की शंभर मिळवणारी भूमिका नावाची पोरगी फळ्यापुढे आली की वर्गसमीकरणाकडे भूत पाहिल्यासारखी का बघते. एके दिवशी त्या गुपचूप तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर अवघड गणित आलं. भूमिकाने न वाचताच शून्य दाबलं. चूक. त्याहून सोपं गणित आलं. पुन्हा शून्य. आणखी सोपं. पोरगी गालात हसत शून्यं दाबत राहिली, ते पार बेरीज-वजाबाकी येईपर्यंत. मग मात्र तिने पटापट दहा उत्तरं बरोबर दिली. यंत्र गुण धरायचं ते शेवटच्या दहा उत्तरांचे. शाबास!

“हे कुणी शिकवलं गो तुला?” बाईंनी तिचा कान पकडला.

“कुणी नाय बाई, मीच सगळ्यांना दावलं. आजी सांगते, पयला भाव कधी घ्यायचा नाय. नाय, नाय म्हणत ऱ्हायचं. समोरचा उतरतोच.”

भूमिकाची आजी म्हणजे बाजारात मासळीचे वाटे लावणारी बायजाबाई. अमीनाबाई तिचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी कान सोडला आणि कुणाला काही न सांगता हसत घरी गेल्या.

दिवाळीच्या आधी पालकांची सभा भरली. पेणच्या सेंटरचा निलेश यंत्राची करामत दाखवायला आला होता. कान्हूशेठ गरजले, “यंत्राला नातं नाही, गोतं नाही. यंत्र ज्याला पास म्हणेल, त्याला गणित आलं! मग मास्तर कशाला मध्ये?”

अमीनाबाई उठल्या. “शेठ, ते कुणाचीही परीक्षा घेतं ना?”

“कुणाचीही!”

“मग या बायजाबाईची घ्या.”

बायजाबाई बाजारातून टोपलीसकट आली होती. “मना कशाला मधी घेतंस गो आपा? मी शाळेची पायरी नाय चढले.”

बाई तिच्या कानाशी लागल्या. “समज, हा पेणचा नवा व्यापारी हाय. भाव लय चढा सांगतो.”

“आस्सं व्हय?” बायजाबाई पदर खोचून खुर्चीत बसली. भूमिका कळा दाबायला शेजारी उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली, “क्ष वर्ग उणे सात क्ष—”

“नाय.”

शून्य. चूक. कान्हूशेठ खुशीत हसले. पुढचं गणित आलं.

“ह्याव नाय परवडत. उतर खाली!”

पुन्हा शून्य. मग टक्केवारी आली, मग अपूर्णांक आले. बायजाबाई पडद्याकडे बोट नाचवत होती. “पेणचा हाय म्हणून काय झालं? आजून उतर, मेल्या!” लोक पोट धरून हसू लागले. निलेशच्या कपाळाला घाम फुटला. शेवटी भूमिकाने वाचलं, “वीस वजा आठ.”

“हां, आता आला रस्त्याला. बारा!”

पुढची नऊ गणितं तिने मासळीचा वाटा उचलावा तशी उचलली. यंत्राने वाजत गाजत जाहीर केलं: शाबास! दहावी गणित, शंभरपैकी शंभर.

“म्हंजे मी म्याट्रिक झाले काय गो?” बायजाबाईने विचारलं.

“गणितात झालीस. शेठनीच सांगितलंय, यंत्र पास म्हणेल तो पास,” अमीनाबाई शांतपणे म्हणाल्या.

कान्हूशेठ आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. “मॅडम, दहावी तुमचीच. हा डबा जाऊ दे पेणला परत.”

“छे, राहू द्या. चूक चटकन दाखवतो, ते मला जमत नाही. पण कुठे चुकलं ते त्याला कळत नाही. पोरं कागदावर रीत लिहून आणतील, मगच कळा दाबतील. रीत मी बघेन.” मग त्या निलेशकडे वळल्या. “आणि तू बाळा, त्याला जरा भावावर टिकायला शिकव.”

दुसऱ्या दिवशी अमीनाबाई खुशीत बाजारात गेल्या. कोळंबीच्या वाट्याकडे बघून नेहमीसारखं नाक मुरडलं. “नाय गो, महाग हाय.”

बायजाबाई ढिम्म.

“नाय परवडत.”

बायजाबाईने माशी वारली.

“नाय म्हणजे नाय!”

“कितीबी नाय म्हण आपा,” बायजाबाई म्हणाली, “काल तुज्यासमोर पास झाले. आता म्याट्रिक झालेल्या बाईकडं भाव उतरत नाय.”

अमीनाबाईंनी मुकाट्याने पिशवी उघडली.