बिनसावलीचं पान

आमच्या हॉलमधलं फ्रेंच टेबल मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी एका लिलावात घेतलं. वर लाकडाचीच फुलंपानं जडवलेली, कडेनं पितळेची बारीक पट्टी. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे पाव्हणे आले की टेबलावरचं व्याख्यान माझ्याकडे. जुने फ्रेंच कारागीर रंगीत लाकडांचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवून एकदमच कापायचे आणि एकाच्या भोकात दुसऱ्याचं फूल बसवायचे. पानाची कड तापल्या वाळूत खुपसली की तिथं तपकिरी सावली पडायची. शेवटी मी कोपऱ्यातल्या एका पानावर बोट ठेवायचे. त्याला सावलीच नव्हती. "बघा, फ्रेंच कारागीरसुद्धा डुलकी काढतो," म्हटलं की हशा ठरलेला.

यंदा डुलकी मी काढली. दसऱ्याच्या साफसफाईत समया, घंटा, तांब्या चिंचेनं घासून लख्ख केले आणि हात चालूच होता म्हणून टेबलाच्या पट्टीलाही चिंच लावली. वरून ओलं फडकं फिरवलं. पितळ असं झळकलं की मीच माझी पाठ थोपटली.

आठवड्यात पानं फुगून उठली. पाण्यानं खालचा सरस सुटला होता. एक पान बहुधा केरातच गेलं. मामंजी नव्वदीला टेकलेत, नजर अधू झाली आहे. रोज सकाळी चहा झाला की बशी सारून ती फुलं बोटांनी चाचपत बसतात. त्यांचं तेवढं एक सुख मी चिंचेच्या पाण्यात बुडवलं होतं. सांगायचा धीर होईना. टेबलावर भरतकामाचं कापड घातलं आणि म्हटलं, "सणाचं आहे."

"असूं दे की," ते म्हणाले. "चांगलं हाय कापड."

ते चार दिवस आजऱ्याला लेकीकडे गेले, तेव्हा मी मुरगूडच्या मिस्त्रींना बोलावलं.

"वैनी, पितळ दिसलं की चिंच? देवघर हाय व्हय हे?"

मी सुटलेली पानं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी एक सुटं पान उलटं केलं, तर खालून हिरवंगार! वरून तपकिरी दिसणारी ती बाग मुळात रंगीत होती, उजेडानं विटली होती. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण हिरवा रंग बघून डोळे भरून आले.

हरवलेलं पान मिस्त्रींनी फिक्या लाकडातून कापलं. सावलीसाठी आगकाडी ओढून धरली, तर कड काळी ठिक्कर. मग मला चुरमुऱ्याची भट्टी आठवली. तिथंही तापलेली वाळूच असते की! भट्टीवाला आधी हसला, मग चुरमुरे बाजूला ठेवून आमच्यासाठी आच सांभाळत बसला. तीन पानं जळली. चौथ्याला हवी तशी सावली पडली आणि आम्ही तिघंही पोरांसारखे ओरडलो.

मामंजी परत आले तोवर सगळी पानं पुन्हा सरसानं बसली होती. मी कापड काढलं. त्यांची बोटं फिरत फिरत नव्या पानाशी थांबली.

"चिंच लावलतीस?"

"हो मामंजी. चुकलं माझं."

त्यांनी माझा हात धरून कोपऱ्यातल्या बिनसावलीच्या पानावर ठेवला. "ह्ये तुझ्या सासूचं. लग्नानंतरच्या पैल्या दसऱ्याला तिनंबी चिंचच लावलती. आठ दिवस कापड घातलतं आन् गडहिंग्लजच्या सुताराकडनं गुपचूप पान बसवून घेतलं."

"मग तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? कापड चांगलं हाय म्हणालो."

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पानाला मी पाव्हण्यांसमोर किती वेळा हसले असेन! तोंडात मारल्यासारखं झालं. मी तसं म्हणाले, तर मामंजी मान हलवत हसायला लागले.

"अगं, तू त्या फ्रेंच कारागिराची डुलकी सांगायचीस नव्हं, तवा ती आत सैपाकघरात पदरात तोंड घालून हसायची."