विकासच्या नावाने चालणारं मशीन

आज शुक्रवार. विकासला जाऊन आज वर्ष झालं.

आणि आज सकाळीही त्याच्याच नावाने बिल्ड फेल झाला.

सकाळी शेलार गावात त्याच्या घरी गेले. वर्षश्राद्धाची तयारी चालली होती. फोटोला हार घातला, चहा घेतला. निघताना काकू, म्हणजे त्याची आई, दारापर्यंत आल्या.

"तुला एक विचारू काय गं? त्याच्या हातून खरंच काय चुकलं हाय काय? मानसं बोलतात."

"नाही काकू," म्हटलं आणि काल्हेरला ऑफिसला आले.

मी इथे माझ्या वॉलवर कधी काही लिहीत नाही. आज लिहिते, कारण ती "मानसं" हे वाचतात.

आमचं सॉफ्टवेअर गोदामात चालतं. पार्सलचं लेबल छापणं, स्कॅन करणं, गाडी लोड करणं. ते बनवताना बाहेरच्या लोकांनी लिहिलेली शेकडो छोटी पॅकेजेस लागतात. ती आणायचं काम पॅकेज मॅनेजर करतो. कोणतं पॅकेज, कोणतं व्हर्जन, हे लॉक फाईलमध्ये लिहिलेलं असतं.

आम्ही कोड टाकला की सर्व्हरवर एक कोरं मशीन उभं राहतं. ते लॉक फाईल वाचून पॅकेजेस आणतं, टेस्ट चालवतं. यालाच बिल्ड म्हणतात. सगळं हिरवं झालं तरच सॉफ्टवेअर गोदामात जातं.

हे सगळं विकासने उभं केलं. त्याचा एकच नियम होता. लॉक फाईल जुळली नाही तर बिल्ड थांबणार. मशीनने मनाने काही नवीन आणायचं नाही.

बिल्ड थांबला की आमचे बॉस, सर, वैतागायचे. "विकास, तू इंजिनियर आहेस की वॉचमन?"

"सर, वॉचमन झोपला की माल जातो."

आणि माझ्याकडे वळून हळूच, "थांबला म्हंजे बरा हाय गं. गपचूप चालला असता तर मेलो असतो."

त्या मशीनला त्याच्या अकाउंटची चावी होती. म्हणजे मशीन जे काही करेल, त्यापुढे नाव लागणार विकासचं. हे बरोबर नाही, मशीनला वेगळं अकाउंट द्या, असं त्याने कितीदा सांगितलं.

"नंतर बघू."

मग तो ॲडमिट झाला. लिव्हर.

तो हॉस्पिटलमध्ये असताना एक दिवस बिल्ड अडला. क्लायंट घाई करत होता. सरांनी तो नियमच बंद करायला लावला. "जे लेटेस्ट मिळेल ते घेऊ दे ना, काय फरक पडतो?"

मी म्हटलं, "सर, विकासला एक फोन करूया."

"त्याला आराम करू दे गं."

मशीनने लेटेस्ट आणलं. बारकोड छापणारं पॅकेज बदललेलं होतं. लेबलं सुंदर छापली गेली, स्कॅनर एकही वाचेना. गेटपासून मेन रोडपर्यंत गाड्या. हमाल पार्सलांवर बसून राहिले. त्याच रात्री मी नियम पुन्हा चालू केला.

नियम कोणी बंद करायला लावला ते कुठे दिसत नव्हतं. जे गोदामात गेलं त्यापुढे मात्र नाव होतं. विकास.

सरांना सगळं माहीत होतं. तरी क्लायंटला आणि आख्ख्या ऑफिसला मेल गेला. "आमच्या एका सहकाऱ्याने परस्पर बदल केला. योग्य ती कारवाई करत आहोत."

त्याने तो वॉर्डमध्ये वाचला. हाताला सलाईन. मला फोन केला.

"अगं, मी तर इथं झोपलोय. माझ्या नावानं ड्युटी कोण करतंय?"

मी हसले. तोही हसला. मग म्हणाला,

"सरांना सांग, दुसरा मेल पाठवा म्हणावं. पयला जसा सगळ्यांना गेला, तसाच सगळ्यांना."

मी सांगितलं.

"करतो ना. आधी क्लायंट शांत होऊ दे."

क्लायंट शांत झाला. विकासही.

मेल आला नाही.

अंत्ययात्रेला सर सगळ्यात मोठा हार घेऊन आले होते. ऑफिसच्या पेजवर त्याचा फोटो टाकला. "आमच्या कुटुंबातला हिरा."

हिऱ्याचं अकाउंट मात्र कोणी बंद केलं नाही. बंद केलं तर मशीन थांबेल ना! माणूस गेला, पण त्याची चावी यांनी सोडली नाही. वर्षभर तो यांच्यासाठी काम करतोय. नंतर मी पण दोनदा वेगळं अकाउंट मागितलं. नंतर बघू.

आणि आज सकाळची मीटिंग. बिल्ड लाल. नवीन आलेली मुलगी स्क्रीन बघून म्हणाली, "ये विकास कौन है? पिछले साल भी इसी ने फोडा था ना?"

सर चहा ढवळत म्हणाले, "हां, उसका पुराना लफडा है."

मी म्हटलं, "सर, आज त्याचं वर्षश्राद्ध आहे."

"अगं माहितीये. रिलॅक्स."

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला सांगितलं गेलं तेच ती बोलली. पण बिल्ड का थांबला होता सांगते. तिने नवीन पॅकेज टाकलं आणि लॉक फाईल अपडेट केली नाही. विकासच्या नियमाने ते दारातच अडवलं. आज गोदाम चालू आहे ते त्याच्यामुळे.

अकरा वाजता ग्रुपवर मेसेज आला. ऑफिसने त्याचा गेल्या वर्षीचा फोटो पुन्हा टाकलाय, सगळ्यांनी लाईक आणि शेअर करा.

मी नाही केला, सर. मी हे लिहिलं. तुमचा मेल सगळ्यांना गेला होता, हेही सगळ्यांना जाऊ दे.

काकू, तुमच्या मुलाच्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले तेव्हा मशीनसाठी वेगळं अकाउंट बनवलं. या वेळी कोणाला विचारलं नाही. विकासची चावी काढली. लॉक फाईल नीट केली आणि बिल्ड पुन्हा लावला.

हिरवा झाला. पुढे नाव आलं, "बिल्ड मशीन".

विकास, तुझी ड्युटी संपली. आता कोणी तुझ्या नावाने काही करणार नाही. शांत झोप.

मग डबा उघडला. भाजी गार झाली होती. तशीच जेवले.