मॅचला कोण आलं होतं?

ज्या मॅचला हजार माणसं येतात, तिचा किस्सा एकच असतो. हजार जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यात तिखटमीठ कोण घालू देणार? आमच्या कॉलेजच्या फुटबॉल मॅचना मात्र कुणी म्हणजे कुणीच येत नसे. जे काय घडलं ते आम्ही खेळणाऱ्यांनीच पाहिलं, आणि आम्ही सगळे ते वेगवेगळं सांगतो! त्यामुळे आमची जुनी टीम कुणाच्या लग्नात नाहीतर जत्रेत भेटली, की पानं उठतात, पण किस्से उठत नाहीत.

डिचोलीतलं आमचं कॉलेज. ग्राउंड मोठं, एका अंगाला प्रेक्षकांसाठी सिमेंटच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर कॅन्टीनवाली शेवंतामावशी मिरच्या वाळत घालायची. मॅचच्या दिवशीसुद्धा! मी गोलकीपर. आमच्याकडे त्याला ‘गोली’ म्हणतात, आणि कॉलेजात माझं तेच नाव पडलं होतं. गोलीला बघायला वेळ भरपूर. मी बघायचो, तर समोर लालभडक मिरच्या. गोल झाला तरी गप्प, गोल खाल्ला तरी गप्प.

आमचे फिजिकल डायरेक्टर परबसर, मूळचे सावंतवाडीकडचे. ते म्हणायचे, “निदान शिव्या तरी देत नाहीत रे!”

*

एकदा फोंड्याची टीम आमच्याकडे खेळायला आली. आली, पण आम्ही ड्रेस बदलून बाहेर पडेपर्यंत गेलीसुद्धा! झालं असं, की त्यांचा टेम्पो गेटपाशी थांबला. त्यांनी बघितलं तर ग्राउंडावर चिटपाखरू नाही. वॉचमनला विचारलं, “आज मॅच आहे ना?” वॉचमन म्हणाला, “मॅच? हंगा? माका कोणी सांगूक ना.” त्यांना वाटलं, दिवस चुकला. टेम्पो वळवला आणि निघाले.

रेफरीने घड्याळ बघितलं, नियम सांगितला. समोरची टीम हजर नाही, सबब तुम्ही विजयी. वॉकओव्हर! अख्ख्या वर्षातला आमचा पहिला विजय. आम्ही तिथल्या तिथे नाचायला लागलो. आमचा कॅप्टन, आमोण्याचा उदय, तर गोलपोस्टला लोंबकळत होता.

तेवढ्यात स्कूटरचा आवाज. परबसर टेम्पोच्या मागे निघाले होते!

अर्ध्या वाटेवर त्यांनी टेम्पो गाठला, हातापाया पडून परत आणला. मॅच झाली. आम्ही पाच गोल खाल्ले. पाचही मी.

उदय रडकुंडीला आला. “सर, जिंकलेली मॅच परत आणायला कोण जातो?”

सर म्हणाले, “बघायला कोण येत नाही ते सोसलं रे. आता खेळायलाही कोण नको?”

*

मग सरांनी पोरांना ग्राउंडावर आणायचं मनावरच घेतलं. शेवंतामावशीला पटवलं आणि वर्गावर्गात जाऊन सांगितलं, “मॅचला येणाऱ्याला पातळभाजी आणि पाव!”

काय गर्दी! मिरच्या उचलाव्या लागल्या. पोरं आली, पावाने वाट्या पुसून खाल्ल्या, आणि रेफरीने पहिली शिट्टी मारायच्या आत गायब!

पुढच्या मॅचला सर शहाणे झाले. पाव मिळणार हाफटाइमला. पोरंही शहाणी. बरोबर हाफटाइमला आली.

तिसऱ्या मॅचला सरांनी जाहीर केलं, “मॅच संपल्याशिवाय पावाचा एक उंडा मिळणार नाही!” मॅच संपली. आम्ही घामाने निथळत बाहेर आलो, तर लाइन लागलेली. लाइनीतल्या पहिल्या मुलाने मला आपुलकीने विचारलं, “गोली, आज मॅच होती काय रे?”

त्या दिवशी आम्हाला पाव उरला नाही.

*

मराठीचे पार्सेकरसर भला माणूस. आमची दशा बघून त्यांनी आपणहून सांगितलं, “मी समालोचन करतो. लोक ऐकून येतील.” फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं, भाषा मात्र ओसंडून वाहायची. लाउडस्पीकर आणला. लावणाऱ्याने त्याचं तोंड केलं बाजाराकडे.

सर मेजावर माइक ठेवून सुरू झाले. “चेंडू निघाला आहे... माहेर सोडून निघालेल्या नववधूसारखा, मागे वळून बघत...” तो चेंडू माझ्याकडेच येत होता. नववधू माझ्या दोन्ही पायांमधून आत गेली.

पायऱ्या रिकाम्या आहेत हे सांगायचं सरांच्या जिवावर आलं असावं. म्हणून ते बोलून गेले, “आणि पाहा हा उसळलेला जनसागर! मुंगीला शिरायला जागा नाही!”

थोड्या वेळाने बाजारातला चणेवाला डोक्यावर पाटी घेऊन धापा टाकत आला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मेजापाशी जाऊन उभा राहिला.

“मास्तर, लोक खय असत?”

माइक चालूच होता. अख्ख्या बाजाराने ते ऐकलं.

पार्सेकरसरांनी माइक जवळ ओढला. मग त्याच भारलेल्या आवाजात म्हणाले, “प्रेक्षकांची संख्या आता वाढू लागली आहे!”

चणेवाला शेवटपर्यंत बसला बिचारा. पण दुसऱ्या दिवशी मी साबण आणायला बाजारात गेलो, तर दुकानदार, न्हावी, मासळीवाल्या, सगळ्यांना मॅच पाठ. मासळीवाली ओरडून म्हणाली, “रे गोली, पायां मदीं थोडें अंतर कमी ठेव मरे!”

*

खरी अडचण बसची होती, हे परबसरांना उशिरा कळलं. पेडण्याकडची निम्मी पोरं. दुपारची बस चुकली की थेट संध्याकाळ. म्हणून सरांनी मॅच कॉलेज सुटल्यासुटल्या ठेवली आणि बसड्रायव्हर बाबलला गळ घातली. “बस ग्राउंडाच्या गेटपाशी लाव, आणि जरा उशिरा सोड. पोरं तेवढीच मॅच बघतील.”

बाबल मोठ्या मनाचा. म्हणाला, “सर, तुमी सांगल्यार लायतां.”

बस लावली. पोरं आली, बसमध्ये चढली, आणि सीट धरून बसली. उतरलं की सीट जाते ना! खाली उतरले फक्त दोघे: बाबल आणि त्याचा कंडक्टर. “पाच मिनटां बघूया,” म्हणत ते पायऱ्यांवर टेकले.

पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. बाबल पायऱ्या सोडून लाइनीपाशी आला. कंडक्टर शिट्टी वाजवायला लागला. ती ऐकून आमचा बॅक दोनदा जागच्या जागी थांबला. बसमध्ये पोरं उन्हाने शिजत होती. शेवटी त्यांचा धीर सुटला. बस रिकामी झाली आणि सगळी फौज ग्राउंडावर धावत आली. “चल रे! चल! अरे चल ना!”

ती ओरडत होती बाबलवर. पण उदयला ते कसं कळावं? दोन वर्षं कॉलेजकडून खेळत होता. त्याच्या नावाने साधा खोकलाही कुणी काढला नव्हता. आज अचानक एवढी माणसं “चल, चल” म्हणतायत! त्याच्या अंगात काय संचारलं देव जाणे. मधल्या लाइनीपासून एकटा निघाला, तिघांना चुकवलं आणि ठो! गोल!

वळून हात वर केले, तर बस निघालेली. खिडकीतून बाबल मात्र अर्धा बाहेर येऊन त्याला हात करत होता. मागून पोरं किंचाळत होती, “रस्त्याकडे बघ!”

*

हाच उदय आमोण्यात गावच्या टीमकडून खेळायचा. कापणी झाली की मांडवीकाठच्या शेतात टूर्नामेंट. मी एकदा बघायला गेलो. बांधावर माणसं, झाडावर माणसं, होडीत उभी राहिलेली माणसं. आणि आंब्याच्या फांदीवर ओळीने आमच्याच वर्गातली आमोण्याची पोरं!

मॅच संपल्यावर उदयने त्यांच्यातल्या एकाला झाडावरून खाली ओढला. “कॉलेजच्या मॅचीक मेल्या तुजे पाय दुखतात, आनी हंगा झाडार चडटा?”

तो फांदीवरचा पाला झटकत म्हणाला, “कॉलेजात हरलात तर तुमी हरतात. हंगा हरलो तर आमी हरतंव!”

उदयने त्याचा हात सोडला. नंतर वाटेत मला म्हणाला, “बरोबर सांगता रे तो.”

*

पण लग्नात, जत्रेत, कुठेही भेटलो तरी शेवटी सगळे जण गुरुदासच्या आईवर येतात.

गुरुदास कोरगावचा. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब. टीमचा सगळ्यात शेवटचा बदली खेळाडू. प्रॅक्टिसला रोज हजर, पण मॅचमध्ये त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. वडील नव्हते. आई आणि मामा मिळून काजूची बाग बघायचे. घरी पोचायला अंधार व्हायचा, तेव्हा आईला सांगायचा, “मी कॉलेजाच्या टीमीत खेळतंय.” मामाला ते पटेना. “खेळता खयचो? बाजारात भोवता. बागेत हात कमी पडतत, घाल तेका कामाक.” शेवटी आई म्हणाली, “एक दिवस मी जावन बघतंय. खेळता तर खेळता. नायतर फाल्यापासून बागेत.”

हे गुरुदासने आम्हाला सांगितलंच नव्हतं. मॅचच्या हाफटाइमला एक बाई गेटमधून आत आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. रिकाम्या पायऱ्यांवर मधोमध बसली. गुरुदासचा चेहरा पांढरा पडला आणि मग त्याने सगळं सांगितलं.

नेमके त्या दिवशी आम्ही एका गोलने पुढे होतो. जिंकलो तर कॉलेजची टीम पहिल्यांदाच दुसऱ्या राउंडमध्ये जाणार होती. आणि दोन्ही बदली खेळाडू आधीच आत गेले होते. तेव्हाचा नियम असा, की तिसरा बदली फक्त गोली जायबंदी झाला तरच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. परबसर तेवढे ग्राउंडाकडे बघत होते. “मी काही ऐकलं नाही,” म्हणाले.

दुसरा हाफ सुरू झाला आणि थोड्याच वेळात मी पोट धरून आडवा झालो. रेफरी धावत आला. “काय झालं?”

“पोटात कळ आली, सर.”

उदयने मला खांद्याचा आधार देऊन बाहेर काढलं. मागून रेफरी म्हणाला, “पोट दुखतंय तर लंगडतोस कशाला?”

गुरुदास माझी जर्सी घालून गोलात उभा राहिला. जर्सी त्याच्या पोटावर चढत होती. इकडे उदयने सगळ्यांना बजावलं, “बॉल आपल्या गोलाकडे येता कामा नये!” आमची पोरं त्या दिवशी जशी खेळली तशी पुन्हा कधी खेळली नाहीत. जिवाच्या आकांताने बॉल पलीकडेच ठेवला. गुरुदास पोस्टला टेकून एकटा उभा. एकदा त्याने आईला हात केला.

ती उठली. पायऱ्या उतरली. पिशवी घेऊन तडक परबसरांसमोर.

“मास्तर, तुमीच यांचे मास्तर?”

“होय, आई.”

“सगळी पोरां धावतत. माझ्याच झिलाक कित्याक कोपऱ्यात उभो करून ठेवलात?”

सर गडबडले. “तसं नाही, आई. तो गोली आहे. ती फार महत्त्वाची जागा.”

“म्हत्त्वाची? मग बाकीची थय कित्याक रवनत नाय?”

सरांनी घड्याळ बघितलं. बराच वेळ बाकी होता. मैदानाकडे बघितलं. आम्ही एका गोलने पुढे. मी बाहेर बसलेलो, आता परत जायची सोय नाही. मग त्या बाईकडे बघितलं. ती हलायला तयार नव्हती.

सर लाइनीपाशी गेले आणि ओरडले, “उदय! तू गोलात जा! गुरुदास, बाहेर ये, फॉरवर्डला!”

“सर?” उदयला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“जर्सी बदला म्हणतोय ना!”

दोघांनी भर मैदानात जर्सी बदलल्या. रेफरीने कपाळाला हात लावला. आणि गुरुदास धावायला लागला.

काय धावला म्हणून सांगू! बॉल उजवीकडे गेला की हा उजवीकडे. हा पोचेपर्यंत बॉल डावीकडे. हा डावीकडे. बॉल बाहेर गेला तरी हा धावतोच आहे. पायाला बॉल एकदाही लागला नाही. समोरच्या टीमची पोरं वाट सोडून बघत राहिली. गोलात उदय देवाचं नाव घेत होता.

आईने पदर कमरेला खोचला आणि लाइनीच्या कडेकडेने, गुरुदास जाईल तिकडे चालायला लागली. दुसऱ्या टोकाला पोचून परत आली, तेव्हा तिला धाप लागली होती. पिशवीतून काजूची बोंडं काढून तिने परबसरांच्या हातात ठेवली.

“घराक येवक काळोख झालो तरी चलात, मास्तर,” ती म्हणाली. “पण तेका असोच धावडवा!”