पत्रिकेऐवजी ताळेबंद

फ्रीगंजमधले आमचे शेजारी श्रीधर अण्णा कंपन्यांचे शेअर घेत ते पैसे कमवायला नव्हे, तर कंपनीचा वार्षिक अहवाल पोस्टानं घरी यावा म्हणून. तेव्हा शेअरबाजाराची हवा पानाच्या टपरीपर्यंत पोचली होती. लोक पोह्यांवर शेव घालता घालता पब्लिक इश्यूबद्दल बोलत. अण्णा त्यांच्या वाटेला जात नसत. कुणाला दिवाळी अंक लागतात, अण्णांना ताळेबंद लागे.

त्यांची वाचायची रीत ठरलेली होती. अध्यक्षांचं भाषण आणि गुळगुळीत कागदावरचे फोटो ते बघतही नसत. ते म्हणजे मुलाच्या आईनं मुलाचं केलेलं वर्णन, असं त्यांचं मत. खरी माहिती शेजारी देतात, आणि अहवालातले शेजारी म्हणजे शेवटच्या पानांवरच्या बारीक अक्षरांतल्या टिपा. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून त्या टिपा त्यांची मुलगी गौरी वाचून दाखवी.

अण्णा पूर्वी कापड मिलच्या हिशेबखात्यात होते. मिल बुडणार हे त्यांना बंद पडण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं, तरी त्यांनी नोकरी सोडली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणत, शेवटपर्यंत हिशेब लिहायला कुणीतरी हवं ना.

पंचाण्णव साली गौरीला स्थळ आलं. मुलगा सुहास, देवासच्या एका पंप कंपनीत इंजिनियर. पत्रिका जुळली. गौरी पहिल्याच दिवशी हो म्हणाली, आणि ही मुलगी भाजीत मीठ बरोबर आहे का याचंही उत्तर विचार करून देणारी. सगळं ठरल्यातच जमा होतं. उठता उठता मुलाच्या वडिलांनी रीत म्हणून विचारलं, अजून काही विचारायचंय का? अण्णा म्हणाले, हो, कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे अहवाल बघायला मिळतील का?

पोह्यांच्या बशा उचलायला मी तिथंच होतो. मला जमीन दुभंगावीशी वाटली. लोक मुलाचं गोत्र विचारतात, फार तर दारू पितो का विचारतात. मुलाच्या मालकावर कर्ज किती, हे कोण विचारतं? मुलाचे वडील चपला घालून निघून गेले.

पण पुढच्या रविवारी सुहास एकटाच बसनं नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरून घरी आला. पिशवीत तिन्ही अहवाल होते. तो समोर बसला, गौरी वाचत गेली, अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. विक्री दुप्पट झाली होती आणि नफाही. पण गिऱ्हाइकांकडची उधारी चौपट. म्हणजे माल गेला होता आणि पैसा आलाच नव्हता. जुन्या कर्जाचं व्याज नव्या कर्जातून फिटत होतं. एका टिपेवर गौरीचा आवाज अडखळला. सगळ्यात मोठा उधारीवाला मालकाचा मेहुणाच होता.

"अजून दोन वर्षं," अण्णा म्हणाले.

सुहासनं विचारलं, मग मी काय करू? अण्णा म्हणाले, "दुसरी नौकरी देखो. मिळाली की या. तोपर्यंत माझा होकार नाही."

सुहासनं चहा संपवला, नमस्कार केला आणि गेला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. गौरीनं अहवाल नीट एकावर एक ठेवले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला अण्णांचा मनापासून राग आला.

गौरीची आई, उषाकाकू, मेथी निवडत होत्या. त्यांनी जन्मात कधी ताळेबंद वाचला नव्हता. त्यांनी विचारलं, हिशेब बरोबर आहे ना? अण्णा म्हणाले, शंभर टक्के, कंपनी बुडणार.

"बुडेल," काकू म्हणाल्या. "माझ्या बाबांनीही आधी मिल बघितली होती. एकदम पक्की मिल, दर दिवाळीला बोनस. म्हणून मला तुम्हाला दिली. मिल गेली, पगार गेला. मी गेले का कुठे?"

अण्णा उठले आणि मला सायकल काढायला लावली. मी त्यांना डबलसीट नानाखेड्याला नेलं. देवासची बस इंजिन चालू करून उभी होती. सुहास खिडकीत होता.

"कंपनी बुडणारच आहे," अण्णा खालून म्हणाले. "लग्न त्याच्या आधी करायचं की नंतर, तेवढं सांगा."

"आधी करू अण्णा," सुहास म्हणाला. "अभी तो पगार मिळतोय."

कंपनी दीड वर्षात बंद पडली. अंदाज सहा महिन्यांनी चुकला याचं अण्णांना अजून वाईट वाटतं. नोकरी गेल्याचं सांगायला सुहास आला, तो दारातच मान खाली घालून उभा राहिला. गौरी सासरी गेल्यापासून टपालानं आलेले अहवाल न वाचताच पडले होते. अण्णांनी त्यातला वरचा काढून जावयाच्या हातात दिला.

"बसा," ते म्हणाले. "वाचा. शेवटच्या पानापासून."

काकूंनी आतून विचारलं, जावईबापू जेवणार ना? आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायला घेतलं.