वांगी, शकील सर आणि माझी लेक

शकील सर काल गेले, आणि मला अजूनही त्यांचा हेवा वाटतोय.

आज घाटंजीत त्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत माझ्याही वर्गातली पोरं होती.

आम्ही दोघं एकाच शाळेत इंग्रजीला. आठवी अ माझी, आठवी ब त्यांची.
माझी लेक सानिका नेमकी ब मध्ये पडली. तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं.

काउंटेबल-अनकाउंटेबल नाउन्स मी फळ्यावर दोन रकाने आखून शिकवायचे.
सर पोरांना आठवडी बाजारात न्यायचे.

"नगावर भेटते ते काउंटेबल. तोलून-मापून भेटते ते अनकाउंटेबल. जा, पाहून या."

अंडी, निंबू एकीकडे. तेल, साखर, पीठ दुसरीकडे.

मग सानिका माझ्याच स्वयंपाकघरात मला शिकवायची. "आई, सर म्हणतात ना..."
पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते हेच.

एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर गाठलंच त्यांना.
"सर, वांगी तोलून मिळतात. मग ब्रिंजल अनकाउंटेबल का?"

सर हसत सुटले.
"मॅडम, हे तं माह्या डोक्यातच नाही आलं."

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगूनही टाकलं.
"पोरंहो, माही चूक झाली. मॅडमनं पकडली. तोलून भेटलं तरी एक वांगं, दोन वांगे मोजता येते ना? मंग ते काउंटेबल."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांसाठी.
चूक त्यांची, पकडली मी, आणि टाळ्या त्यांना. त्यातही सानिकाच्या सगळ्यात जोरात. घरी येऊन तिनंच सांगितलं.

आता ती नागपूरला कॉलेजात आहे. आज तिथून आली. बसमधून उतरून फोन केला.
"मी आली, आई. पहिले सरांकडे जाते, मंग घरी."

मी पोळ्या झाकून वाट बघत बसले.
आली ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी थोपटत राहिले. मनात आलं, माझ्यासाठी एवढं कोण रडेल? खरंच आलं.

सर, सोमवारपासून आठवी ब माझ्याकडे आहे.
पोरांना बाजारात नेईन. वांग्यांपाशी पोचलो की तुमची गोष्ट सांगेन.

टाळ्या तुम्हालाच पडणार, माहीत आहे मला.

या आता, सर. मनापासून निरोप.