काचेवरचं बोट

उचगावातल्या अर्ध्या घरांच्या लग्नपत्रिका वीरभद्रअण्णांनी आपल्या कॉम्प्युटरवर तयार केल्या. माणूस कामाला वाघ, पण तोंडानं फटकळ. खंडेनवमीला त्यांची बायको शांतव्वा पूजेचं ताट घेऊन यायची आणि कुंकवाचं बोट नेमकं पडद्याच्या काचेवर टेकवायची.

"काचंला लावू नगंस म्हणून किती सांगायचं? खालच्या डब्याला लाव की!" अण्णा लगेच फडकं फिरवायचे. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाय बघ."

ती हसायची. पुढच्या वर्षी बोट पुन्हा काचेवरच.

गेल्या माघात शांतव्वा गेली. पाठोपाठ तो जुना, ढेरपोट्या कॉम्प्युटरही बंद पडला. मुलानं नवा, पापडासारख्या पातळ पडद्याचा आणून ठेवला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, अण्णांना तो एक दिवसही रुचला नाही. त्यांनी त्याला जुनं रूप द्यायला घेतलं. खाली करडी पट्टी आली, मागं तोच निळा रंग आला, फिरणारं वाळूचं घड्याळ आलं. सुरू होतानाची ती जुनी धूनही त्यांनी कुठून तरी मिळवली.

ती धून वाजली की पूर्वी आतून हाक यायची, "झालं व्हय सुरू? च्या टाकू?"

अण्णांनी धून वाजवली आणि स्वयंपाकघराकडं कान लावला. हाक आली नाही. काहीतरी राहिलंय, त्यांना वाटलं. त्यांनी घड्याळ आणखी सावकाश केलं, पुन्हा धून लावली, पुन्हा ऐकत बसले. दिवसभर हेच. सून भूमिका इतकी धसकली, की धून वाजताच गॅस बारीक करून परसात जाऊन उभी राहायची.

खंडेनवमीला भूमिकानं ताट आणलं. डब्याला नीट कुंकू लावलं आणि वर बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल बोट उमटलेलं, जरासं फराटलेलं.

"मामा, काचंला कुणी लावलं हो?"

तिनं पदरानं पुसलं. जाईना. पदर ओला करून घासलं. पदराला काहीच लागलं नाही.

"जायचं न्हाय ते," अण्णा म्हणाले. "काचंवर न्हाय, आतल्या त्या निळ्या रंगावर मीच काढलंय. दरवर्षी लगीच पुसून टाकत हुतो न्हवं."

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. घड्याळ फिरलं, धून वाजली, निळ्यावर लाल बोट आलं. अण्णा स्वयंपाकघराकडं वळले.

"मेल्यावरबी खोड गेली न्हाय की गं तुझी," ते मोठ्यानं म्हणाले, आणि चहाची वाट बघत बसले.