साठ नंबर

कळंबच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा संध्याकाळची धाराशिवची एसटी हमखास उशिरा यायची. स्टँडवर एक पेरूवाली बसायची. गिऱ्हाइकानं निवडलेला पेरू ती काढून घ्यायची आणि आपल्या पसंतीचा, पदराला पुसून, त्याच्या हातात ठेवायची. चंद्राचं नाव मात्र ती कधी घेत नसे. पुनवेच्या सुमाराला म्हणायची, "त्यो वर आला की तुमची गाडी येती, गुरुजी." सूर्याला ती नुसतं "दिवसाचा" म्हणायची. शेवटी शेजारच्या पानवाल्यानं खुलासा केला. तिचा नवरा चंद्रभान आणि सासरा सूर्यभान. ती नावं तिनं तोंडानं घ्यायची कशी?

एकदा पेपरात आलं होतं, की आकाशात फार लांब ताऱ्यांचे प्रचंड थवे आहेत आणि शास्त्रज्ञांनी त्यातल्या एकाला साठ नंबर दिलाय. मला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. तिला म्हणालो, "बघा, एवढा मोठा थवा आणि त्याला नाव काय, तर नुसता नंबर. साठ! एखादं चांगलं नाव सुचू नये?"

पेरू पुसता पुसता तिचा हात थांबला. "लई बरं केलं की! नाव दिलं असतं, तर कुनाच्या तरी मालकाचंच निघालं असतं. मंग त्या बाईनं नुसतं बोट दावत बसायचं व्हय?"

समोर अडत दुकानाच्या पत्र्यावर चंद्र आला होता. तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग मान वर करून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं त्याला हाक मारली, "साठ!"